शब्द ओठांवर अडतात तेव्हा

मराठी घरात मुलाची पहिली परीक्षा शाळेत होत नाही, पाहुण्यांसमोर होते. चहाच्या कपांपाठोपाठ मुलाला पुढे केलं जातं. ‘काकांना नाव सांग बघू.’ ‘हे काय आहे? आणि हे?’ मूल पटापट बोललं तर हुशार, गप्प राहिलं तर लाजरं. बोबडं बोललं तर त्याचंही कौतुकच. ही परीक्षा खेळीमेळीची असते, म्हणून तिचं कुणाला काही वाटत नाही. पण हीच पद्धत पहिलीच्या वर्गात गेली की तिला शेरे आणि गुण चिकटतात. मग ज्या मुलाला शब्द वेळेवर सापडत नाही, त्याची मोठी पंचाईत होते.

माझ्या नातवाची झाली. सहाव्या वर्षी तो पहिलीत गेला तेव्हा त्याचे उच्चार स्वच्छ होते. ‘र’ आणि ‘ळ’सुद्धा. गोष्ट सांगितली तर ती समजे, लक्षात राही. मात्र कात्री दाखवून ‘हे काय?’ विचारलं की तो दोन बोटांची उघडझाप करून ‘ते... कापायचं’ म्हणे. कधी ‘सुरी’ म्हणे आणि लगेच स्वतःच नकारार्थी मान हलवी. तोच मुलगा ‘कात्री आण’ म्हटल्यावर शिवणाच्या डब्यातून नेमकी कात्री आणून देई. शाळेने पहिल्या तीन महिन्यांत ‘आकलन कमी, लक्ष नाही’ असा शेरा लिहिला आणि त्याला पुन्हा बालवाडीत बसवण्याचा सल्ला दिला.

शेऱ्याहून जास्त लागलं ते वेगळंच. दिवाळीपर्यंत तो प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणू लागला. माहीत असलेल्या गोष्टीलाही. शब्द शोधत उभं राहायचं आणि तेवढ्यात मागच्या बाकावरच्याने ओरडून उत्तर द्यायचं, यापेक्षा ते सोपं होतं. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मात्र त्याला कधीच शोधावे लागले नाहीत.

मी सगळी नोकरी बँकेत केली. आमच्या काळी धनादेश दिला की खातेदाराला पितळी टोकन मिळे. रोखपालाने आकडा पुकारला की ते दाखवून पैसे घ्यायचे. ऐन वेळी टोकन सापडेना म्हणून सगळे खिसे उलटेपालटे करणारी माणसं मी पाहिली आहेत. खात्यात रक्कम असते, पण मागे उभ्या असलेल्यांना हा माणूस कफल्लक वाटतो. नातवाचं तसंच काहीसं झालं होतं.

वस्तूचं नाव घेणं ही आपल्याला एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात आधी मनात अर्थ जागा व्हावा लागतो, मग त्या अर्थाला जोडलेला ध्वनींचा साचा हाती यावा लागतो. 1966 साली रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ओठांवर अडलेल्या शब्दांचा अभ्यास केला. शब्द आठवत नसतानाही त्याचं पहिलं अक्षर किंवा त्याची लांबी लोकांना बऱ्याचदा सांगता येते, असं त्यांना आढळलं. मोठ्यांचं असं अधूनमधून होतं. काही मुलांचं दिवसभर होत राहतं. म्हणूनच नुसतं ‘का...’ म्हटलं की नातवाच्या तोंडून ‘कात्री’ बाहेर पडे.

ही अडचण अनेकदा एका मोठ्या अडचणीचा भाग असते. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी 2016-17मध्ये तिच्या नावावर एकमत केलं. मराठीत तिला ‘विकासात्मक भाषा विकार’ म्हणता येईल. शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांच्या इंग्लंडमधल्या एका पाहणीत त्याचं प्रमाण सुमारे साडेसात टक्के आढळलं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघं. या मुलांत ऐकू न येणं किंवा स्वमग्नता असं दुसरं कारण नसतं.

आपल्याकडे यावर पहिला उपाय वेखंडाचा. दुसरा धीराचा: ‘मुलगे उशिराच बोलतात, होईल आपोआप.’ दोन वर्षांच्या मुलाबाबत हा धीर पुष्कळदा खराही ठरतो. पाचव्या वर्षी अडचण टिकून असेल, तर ती आपोआप जाण्याची शक्यता कमी होत जाते. ‘घरात दोन भाषा, म्हणून गोंधळ’ हाही असाच एक समज. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही.

पहिलं पाऊल म्हणजे श्रवणतपासणी आणि वाचा-उपचारतज्ज्ञांची भेट. मुंबईत वांद्र्याला 1983पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. गावोगावच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 साली त्याची सुरुवात आपल्या पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलं तपासतात, आणि तपासायच्या गोष्टींत भाषेचा उशीरही येतो. पथक शाळेत येईल त्या दिवशी पालकांनी आपली शंका बाईंच्या कानावर घालून ठेवावी.

नातवाच्या तज्ज्ञ बाईंनी आधी त्याला नावं विचारलीच नाहीत. चित्रं मांडली आणि ‘करवत दाखव, गाळणी दाखव’ म्हणाल्या. त्याने जवळजवळ सगळी दाखवली. शेऱ्यातली अर्धी हवा तिथेच गेली. मग काम सुरू झालं. कात्री कुठे असते, कोण वापरतं, तिला किती पाती? ‘का-त्री’ अशा दोन टाळ्या. ‘कात्री, रात्री, खात्री’ असं यमक. एकाच शब्दाला अर्थाच्या आणि नादाच्या अशा दोन्ही बाजूंनी वाटा पाडायच्या. वर्गशिक्षिकेला त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या: उद्याचा प्रश्न आज घरी कळू द्या, अडला तर ‘कात्री की करवत?’ असे पर्याय द्या, आणि दुसऱ्याला मधे बोलू देऊ नका.

आज तो तिसरीत आहे. दमला की अजून ‘ते हे’ म्हणतो. ते कदाचित पुष्कळ वर्षं राहील. पण ‘माहीत नाही’ हे आता त्याला खरोखर माहीत नसतं तेव्हाच ऐकू येतं.

पूर्वी पाहुणा पाच मिनिटं बसून चहा घेई. प्रश्नाच्या उत्तरासाठी मात्र पाच सेकंदही थांबत नसे, आणि ते अजून तसंच आहे. तुमच्या घरी, वर्गात असं मूल असेल तर ‘पटकन सांग’ म्हणू नका. मनात दहापर्यंत मोजा. ते तुमच्याकडे न बघता छताकडे बघत असेल तर आणखी थांबा. ते शोधत आहे.