कुत्रा बाल्कनीतून फेकू नकोस!

लंडनच्या एका हॉटेलात दोन वर्षांच्या एका मुलाने आपला खेळण्यातला कुत्रा बाल्कनीतून खाली टाकला. आईने तो आणून दिला, तर पुन्हा खाली! शेवटी आई वैतागून म्हणाली, “कुत्रा बाल्कनीतून फेकू नकोस!”

तीन वर्षांनी हाच मुलगा अमेरिकेत बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे आला, तेव्हा तेच वाक्य बोलला. तिथे ना कुत्रा, ना बाल्कनी! चौकशी केल्यावर उलगडा झाला. काहीही फेकायचा मोह झाला, की तो स्वतःलाच असं बजावायचा. कॅनरनी ही हकिगत १९४६ साली छापली.

काही मुलं एकेक शब्द जोडत बोलायला शिकतात. काही मुलं मात्र या मुलासारखं अख्खं वाक्यच उचलतात, अगदी सुरासकट. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. “पाणी हवं का?” असं विचारलं, की उत्तर येतं, “पाणी हवं का?” ही चेष्टा नव्हे बरं का! ते “हो” असू शकतं. संशोधक बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९८१ साली अशा चार मुलांचं बोलणं व्हिडिओवर टिपून तपासलं. ऐकलेलं लगेच परत म्हणण्याचे त्यांना सात प्रकारचे उपयोग सापडले! मागणं, होकार देणं, आपली पाळी आली म्हणून बोलणं, स्वतःला आवरणं...

पण आजीला, रिक्षावाल्या काकांना, वर्गातल्या बाईंना हे कसं कळणार? त्यासाठी घरच्यांनी एक वही करावी. समजा, असा आपला एक दोस्त शाळेत मध्येच म्हणतो, “पुढील स्टेशन दादर.” वहीत लिहायचं: कुठे ऐकलं? लोकलमध्ये. त्याला काय म्हणायचंय? “मला घरी जायचंय,” कारण तो दादरला उतरतो. वही वाचली, की बाईसुद्धा म्हणू शकतील, “घरी जायचंय ना? डबा खाल्ला, की निघायचं.”

आणि तुम्ही काय कराल? प्रश्नांचा भडिमार करू नका. एक वाक्य बोला आणि थांबा. उत्तराला वेळ लागतो, तो द्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण थांबतच नाही!

पुढे खरी धमाल येते. पाठ वाक्यांचे तुकडे पुष्कळदा सुटतात आणि नव्याने जुळतात. “चला, घरी जाऊया” आणि “पोळी खाऊया” यांतून एके दिवशी निघतं, “चला, पोळी खाऊया!” असं वाक्य त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. ते ऐकलंत, तर त्याच्या आईला जरूर सांगा. वहीत तारखेसकट लिहायला हवं.