कुलूपबंद फोन आणि त्याची किल्ली

परदेशातून नातलगांनी आणलेला फोन पुष्कळदा येथील सिमकार्ड स्वीकारीत नाही. हप्त्याने फोन विकणारी कंपनी ग्राहक टिकावा म्हणून तो आपल्याच सेवेशी जखडून ठेवते. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून असे फोन विकण्यास मनाई केली व मागणी करील त्याचा जुना फोन विनामूल्य खुला करून देणे कंपन्यांवर बंधनकारक केले.

*#०६# दाबताच १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. त्यावरून फोन ओळखून मूळ कंपनीच कुलूप काढते. अनोळखी माणसास तो क्रमांक देऊ नये. चोरीच्या फोनावर तो चढविला जाऊ शकतो. आपला फोन चोरीस गेल्यास तो बंद पाडण्यासाठीही हाच क्रमांक लागतो. म्हणून तो वहीत टिपून ठेवावा. फोन दुरुस्तीस देण्यापूर्वी खासगी छायाचित्रे व खाती काढून घ्यावीत. कुलूप उघडेल, पण गेलेली माहिती परत येत नाही.