मानशीचे दार आणि चढता समुद्र

हवामानबदलाला तोंड द्यायचे म्हटले की समुद्रभिंती आणि कोट्यवधींची अंदाजपत्रके डोळ्यांपुढे येतात. गोव्यातील वाचकाने मात्र आधी आपल्या खाजनाकडे पाहावे. मांडवी-झुवारीच्या काठची ही शेते भरतीच्या पातळीहून खाली आहेत, आणि तरीही तिथे शतकानुशतके भात पिकत आले आहे.

या व्यवस्थेची रचना साधी आहे. चिखलमाती, पेंढा आणि चिरे यांचा बांध खारे पाणी अडवतो. बाहेरची खारफुटी लाटांचा मारा सोसते. बांधातील मानस, म्हणजे झडपांचे लाकडी दार, भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. दार मिटलेले असताना पावसाचे पाणी त्यामागच्या खोलगट जागेत थांबते. शेतात खारेपणा सोसणारे कोरगुट भात असते.

1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली, आणि हा वेग वाढतोच आहे. बांध उंच केला की भागले, असे आपल्याला वाटेल. पण भरतीबरोबर ओहोटीचीही पातळी चढते. मग मानस उघडी राहण्याचा वेळ कमी होतो आणि पावसाचे पाणी आतच तुंबते. अशा वेळी ती खोलगट जागाच गाव वाचवते. तिथे भराव टाकून घरे उभी राहिली, तर बांध शाबूत असूनही पाणी अंगणात येईल.

दुसरा प्रश्न राखणदारीचा. बांधांची देखभाल पूर्वी गावकरी पाहत असे. पोर्तुगीज अमदानीत तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. 1964 चा कूळ कायदा आणि त्यानंतरचे नियम यांमुळे हे काम कूळ संघटनांकडे आले. मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावातून पैसा मिळतो. पण जास्त मासळीसाठी दार अवेळी उघडे ठेवले, तर शेतात मीठ चढते. असे शेत पड राहते, आणि पड शेताच्या बांधातले खेकड्याचे बीळ बुजवायला कोणी जात नाही. भगदाड तिथूनच पडते.

म्हणून ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. मानशीची दुरुस्ती कोणाकडे आहे? पाणी थांबण्याची जागा नकाशावर राखली आहे का? लिलावाचा किती पैसा बांधावर खर्च होतो? त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. फक्त हे मृगापूर्वी विचारायला हवे.