पाऊस जिरवणारी जुनी वसाहत

स्वीडनमधल्या माल्मो शहराच्या दक्षिण भागात ऑगस्टेनबोर्ग ही भाडेकरूंची वसाहत आहे. बेताच्या उंचीच्या जुन्या इमारती आणि मधली मोकळी अंगणं, एवढंच पहिल्या नजरेला दिसतं. तरी नगररचनेचे अभ्यासक इथे आवर्जून येतात, ते अंगणातल्या पन्हळी आणि डोक्यावरची छपरं पाहायला.

'एमकेबी' या नगरपालिकेच्या गृहनिर्माण कंपनीने १९४८ ते १९५२ दरम्यान ही वसाहत उभारली. घरं सुमारे १,८००, रहिवासी तीन हजारांच्या आसपास. पुढे तिला उतरती कळा लागली. पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून जायचं. जोराची सर आली की नळ तुंबायचे आणि तळघरं भरायची. ज्यांना परवडलं ते सोडून गेले, बेकारी वाढली.

नगरपालिका आणि 'एमकेबी' यांनी १९९८ साली इथे काम सुरू केलं, ते वसाहत न पाडता, रहिवाशांना सोबत घेऊन. त्याच सुमारास माल्मोच्या पश्चिम बंदरात मोकळ्या जागेवर नवी पर्यावरणस्नेही वस्ती उभी राहत होती. तिथे पाटी कोरी होती. इथे मात्र लोक राहत असतानाच अंगणं खणायची होती.

पावसाचं पाणी जमिनीखालून वर आणलं गेलं. छतावरून उतरलेलं पाणी उघड्या पन्हळींतून अंगणातल्या तळ्यांत जातं. काही जिरतं, काही वाफ होऊन उडतं, उरलेलं सावकाश पुढे सरकतं. या पन्हळी आणि चर मिळून सुमारे सहा किलोमीटर भरतात. अनेक छपरांवर पाणी धरून ठेवणाऱ्या सेडम या वनस्पतीचे थर आहेत. नगरपालिकेच्या जुन्या कार्यशाळांवरचं सुमारे ९,५०० चौरस मीटरचं छतउद्यान २००१ मध्ये खुलं झालं.

कचऱ्यासाठी अंगणांत छोटी वर्गीकरण-घरं बांधली आहेत. काच, कागद, धातू वेगळे होऊन पुन्हा कारखान्यात जातात. खरकट्यापासून बायोगॅस होतो. माल्मोच्या बस त्या इंधनावर धावल्या आहेत. शहरातला उरलासुरला कचरा भट्टीत जाळून मिळणारी उष्णता नळांतून घरं ऊबदार ठेवते.

३१ ऑगस्ट २०१४ रोजी माल्मोवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. शहरभर तळघरं बुडाली. ऑगस्टेनबोर्गची झळ त्या मानाने फार कमी होती. त्याआधीच, २०१० मध्ये वसाहतीला जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला होता. पन्हळींनी कुणाला नोकरी मिळत नाही, ते प्रश्न आजही आहेत. पण घर सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र घटलं.

कोपनहेगनहून ओरेसुंड पुलावरून रेल्वेने माल्मो गाठायला पाऊण तासही लागत नाही. छतउद्यान पाहायचं तर मार्गदर्शकासोबतची फेरी आधी ठरवावी. छत्री घ्यावी आणि पावसाचाच दिवस निवडावा. कोरड्या दिवशी इथली निम्मी यंत्रणा सुट्टीवर असते.