मोठ्या गाठीमागे लपलेला छोटा कर्करोग

जठरातली मोठी गाठ दुर्बिणीतून लगेच दिसते. तिच्यापासून काही सेंटिमीटरवर कधी कधी अस्तराचा नखाएवढा भाग किंचित लालसर, खोलगट झालेला असतो. तो मात्र सहज नजरेतून निसटतो. क्वचित तो दुसरा, स्वतंत्र कर्करोग निघतो. जपानी तज्ज्ञांच्या १९६२च्या व्याख्येनुसार अस्तर आणि त्याखालच्या थरापुरता मर्यादित असलेला कर्करोग सुरुवातीचा मानतात, मग तो लसिकाग्रंथींत पोचलेला असो वा नसो.

एकाच जठरात दोन कर्करोग कसे? हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूमुळे वर्षानुवर्षे सुजलेलं अस्तर एकाच जागी बिघडत नाही.

भारतात कुठेच जपानसारखी जठराची सरसकट तपासणी होत नाही. रुग्ण येतो तो जेवण जाईना, वजन उतरलं, शौचाला काळी होऊ लागली की. म्हणजे बहुतेकदा गाठ वाढल्यावर. तेव्हाही उरलेलं जठर तितक्याच बारकाईने पाहिलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. जठराचा खालचाच भाग काढायचा असेल, तर वरच्या भागातला छोटा कर्करोग मागे राहू शकतो. संशयित जागेवर इंडिगो कार्मिनचा निळा रंग फवारला की तिच्या कडा उठून दिसतात आणि नेमका तिथलाच तुकडा तपासणीला घेता येतो.