स्मॉलटॉक

स्मॉलटॉक : संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची एक गतिक व वस्तुकेंद्री भाषा. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पॅलो अल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७१ ते १९८० या काळात ती विकसित झाली. ज्या भाषेत माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया एकत्र बांधून ‘वस्तू’ नावाचे स्वतंत्र घटक बनवितात व आज्ञावली अशा घटकांच्या परस्पर व्यवहारातून उभी राहते, तिला वस्तुकेंद्री भाषा म्हणतात. एखाद्या आज्ञेचा नेमका अर्थ आज्ञावली चालू होण्यापूर्वीच कायम न करता ती चालू असताना, त्या त्या क्षणी ठरविला जात असेल, तर ती भाषा गतिक होय. निर्णय असा पुढे ढकलल्यामुळे भाषेस मोठी लवचिकता लाभते. मात्र काही चुका आज्ञावली प्रत्यक्ष चालेपर्यंत उघडकीस येत नाहीत आणि संगणकाचे कामही वाढते. हा लाभ व ही किंमत या दोहोंचा विचार स्मॉलटॉकच्या अभ्यासात मध्यवर्ती आहे. [→ संगणक].

इतिहास : वस्तू व वर्ग या कल्पना प्रथम नॉर्वेमधील ओल-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत स्पष्ट रूपात आल्या. कारखाने, वाहतूक यांसारख्या व्यवहारांची संगणकावर प्रतिकृती उभारणे हा त्या भाषेचा मूळ हेतू होता. गणित व रेणवीय जीवविज्ञान यांचे शिक्षण घेतलेले अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के (जन्म १९४०) यांनी ही कल्पना पुढे नेली. सजीवाच्या शरीरातील पेशी जशा आपले अंतर्गत व्यवहार स्वतःपाशी ठेवून एकमेकींना केवळ संकेत पाठवितात, तशी संगणकाची संपूर्ण प्रणाली लहान लहान स्वायत्त घटकांची असावी, असे त्यांनी मांडले. मुलांनाही हाताळता येईल असा, पुस्तकाएवढा वैयक्तिक संगणक त्यांच्या मनात होता व त्यासाठी सोपी पण समर्थ भाषा हवी होती.

भाषेचे पहिले चालते रूप डॅन इंगल्स यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले. इंग्रजीत स्मॉल टॉक म्हणजे किरकोळ गप्पा. त्या काळी संगणकीय प्रणालींना देवदेवतांची भारदस्त नावे देण्याची प्रथा होती. तिला उत्तर म्हणून के यांनी मुद्दामच हे साधे नाव योजिले. १९७३ मध्ये याच केंद्रात तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकावर, चित्रे दाखविणारा पडदा व माउस यांच्या साहाय्याने, या भाषेत अनेक प्रयोग झाले. अडेल गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी यांनी पॅलो अल्टोतील शाळकरी मुलांना ही भाषा शिकविली. १९७६ च्या आवृत्तीत इंगल्स यांनी भाषेची फेररचना करून तीत वर्गांची वंशपरंपरा आणली व वेगही वाढविला. ‘स्मॉलटॉक-८०’ ही आवृत्ती केंद्राबाहेरील लोकांसाठी खुली झाली. ऑगस्ट १९८१ मध्ये ‘बाइट’ या अमेरिकन मासिकाने तिच्यावर विशेषांक काढला व १९८३ मध्ये गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉब्सन यांचा या भाषेवरील प्रमाणभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला.

वस्तू व संदेश : स्मॉलटॉकमध्ये संख्या, अक्षर, यादी, पडद्यावरील खिडकी, सत्य व असत्य ही मूल्ये, इतकेच नव्हे तर वर्ग हीसुद्धा वस्तूच असते. वस्तूची माहिती तिच्या अंतर्गत चलांत साठविलेली असते व बाहेरच्या कोणासही तिला थेट हात लावता येत नाही. तिच्याकडून काही करवून घ्यावयाचे असल्यास तिला संदेश पाठविणे हाच एक मार्ग असतो. संदेश मिळाल्यावर जो आज्ञासमूह अंमलात येतो त्यास ‘कृती’ म्हणतात. संदेश म्हणजे काय करावे याची विनंती व कृती म्हणजे ते कसे करावे याचा तपशील, असा हा भेद आहे.

संदेश तीन प्रकारचे असतात. (आज्ञावली रोमन लिपीत लिहितात, येथील उदाहरणांत सोयीसाठी देवनागरी लिपी व मराठी शब्द वापरले आहेत.) पहिल्या प्रकारात केवळ संदेशाचे नाव असते. उदा., ‘खाते शिल्लक’ यात ‘खाते’ या वस्तूस ‘शिल्लक’ हा संदेश पाठविला असून उत्तरादाखल शिल्लक रक्कम मिळते. दुसरा प्रकार चिन्हांचा होय. ‘३ + ४’ या पदावलीत ३ या वस्तूस ‘+’ हा संदेश ४ या पूरक मूल्यासह पाठविला जातो. तिसऱ्या प्रकारात नावाच्या प्रत्येक भागानंतर विसर्गासारखे चिन्ह व त्यापुढे एक पूरक मूल्य येते. उदा., ‘खाते जमा: ५००’ किंवा ‘खाते वळते: ५०० कडे: दुसरेखाते’. यातील दुसऱ्या संदेशाचे पूर्ण नाव ‘वळते:कडे:’ असे असून तो जवळजवळ वाक्यासारखा वाचता येतो.

एकाच पदावलीत तिन्ही प्रकारचे संदेश असल्यास प्रथम पहिल्या, मग दुसऱ्या व शेवटी तिसऱ्या प्रकारचे संदेश पाठविले जातात. एकाच प्रकारचे संदेश डावीकडून उजवीकडे घेतले जातात. गणितातील गुणाकार-भागाकार आधी करण्याचा नियम येथे नाही, कारण ‘+’ व ‘*’ (गुणाकाराचे चिन्ह) हे दोन्ही सारख्याच दर्जाचे संदेश आहेत. त्यामुळे ‘३ + ४ * २’ याचे उत्तर ११ न येता १४ येते. ११ हे उत्तर हवे असल्यास ‘३ + (४ * २)’ असा कंस द्यावा लागतो. नवशिक्याची येथे हमखास फसगत होते. परंतु नियम एकच व अपवादरहित ठेवण्यासाठी हे स्वीकारलेले आहे.

संख्यांविषयीही भाषेचे धोरण सुसंगत आहे. १ ला ३ ने भागल्यास ०.३३३… असे अपुरे दशांश रूप न मिळता एक तृतीयांश हा अपूर्णांकच मिळतो आणि त्यात एक षष्ठांश मिळविल्यास अचूक एक द्वितीयांश येतो. पूर्णांक फार मोठा झाल्यास त्याची जागा मोठ्या पूर्णांकाच्या वर्गातील वस्तू आपोआप घेते. म्हणून १ ते १०० या सर्व संख्यांचा गुणाकार, म्हणजे १५८ अंकी संख्या, जशीच्या तशी मिळते.

वर्ग व वारसा : एकाच घडणीच्या वस्तूंचे समान वर्णन ज्यात केलेले असते तो वर्ग होय. ‘खाते’ या वर्गात प्रत्येक खात्याला शिल्लक हा चल असतो हे, तसेच ‘जमा:’, ‘शिल्लक’ इ. संदेशांच्या कृती नमूद केलेल्या असतात. या वर्गापासून कितीही खाती निर्माण करता येतात. त्यांच्या कृती सामाईक पण शिलकी वेगवेगळ्या असतात. ‘बचतखाते’ हा ‘खाते’ या वर्गाचा उपवर्ग केल्यास मूळ वर्गातील सर्व गोष्टी त्यास वारशाने मिळतात व व्याज आकारणीसारख्या अधिक कृतीच तेवढ्या नव्याने लिहाव्या लागतात.

वस्तूला संदेश मिळाला की, त्या नावाची कृती प्रथम तिच्या वर्गात शोधली जाते. तेथे ती न आढळल्यास मूळ वर्गात, मग त्याच्या मूळ वर्गात, असा शोध वर चढत जातो. परंपरेच्या शिखरापर्यंत कृती सापडलीच नाही, तर ‘संदेश कळला नाही’ अशा अर्थाचा दुसरा संदेश त्याच वस्तूकडे पाठविला जातो. सामान्यतः त्यावर चूक घोषित होते. पण आज्ञावलीकार त्यासाठी वेगळी कृती देऊ शकतो. उदा., आलेला संदेश दूरच्या संगणकावरील वस्तूकडे जसाच्या तसा धाडणारी मध्यस्थ वस्तू या मार्गाने थोडक्या ओळींत घडविता येते.

चलाचा प्रकार आधी जाहीर करावा लागत नाही. एकाच यादीत वर्तुळ, आयत व त्रिकोण या वस्तू ठेवून प्रत्येकीस ‘क्षेत्रफळ’ हा संदेश पाठविता येतो. सूत्र कोणते वापरावयाचे हे ज्याची त्याची वस्तू ठरविते. पुढे कोणी ‘लंबवर्तुळ’ हा नवा वर्ग निर्माण करून त्यात ‘क्षेत्रफळ’ ही कृती लिहिली, तर बेरीज करणाऱ्या जुन्या आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही.

खंड व नियंत्रण : चौकटी कंसात लिहिलेल्या आज्ञांच्या समूहास खंड म्हणतात. खंड हीदेखील वस्तूच असून तिला मूल्य देण्याचा संदेश मिळेपर्यंत तिच्यातील आज्ञा अंमलात येत नाहीत. इतर बहुतेक भाषांत ‘जर–तर’ व पुनरावृत्ती यांसाठी खास शब्द राखून ठेवलेले असतात. स्मॉलटॉकमध्ये तेही संदेशच आहेत. उदा., ‘(शिल्लक < रक्कम) सत्यअसता: [नकार] असत्यअसता: [रक्कम देणे]’. कंसातील तुलनेचे उत्तर ‘सत्य’ किंवा ‘असत्य’ ही वस्तू असते व तिला हा संदेश जातो. ‘सत्य’ ज्या वर्गातील आहे त्यात पहिला खंड चालवावा अशी, तर ‘असत्य’च्या वर्गात दुसरा खंड चालवावा अशी कृती लिहिलेली आहे. अशा प्रकारे निवड करण्याची क्रियाही घेणाऱ्या वस्तूवर सोपविली जाते. वेगासाठी बहुतेक भाषांतरक हा शोध प्रत्यक्षात टाळून थेट यंत्रआज्ञा देतात. खऱ्या अर्थाने राखीव अशी नावे केवळ सहा असून त्यांत सत्य, असत्य, शून्यवस्तू, ‘मी’ (संदेश घेणारी वस्तू), मूळ वर्गापासून शोध सुरू करण्याची खूण व चालू कृतीचा संदर्भ यांचा समावेश होतो.

जिवंत प्रणाली : स्मॉलटॉकच्या सर्व वस्तू एका स्मृतिचित्रात साठवितात. काम थांबविताना संपूर्ण स्मृतीची नोंद फीतीवर वा तबकडीवर करता येते व पुन्हा सुरू करताच उघड्या खिडक्यांसह सर्व काही होते तसे प्राप्त होते. संपादक, भाषांतरक व दोषशोधक ही साधनेही त्याच भाषेत लिहिलेली असून त्याच चित्रात नांदतात. चूक झाल्यास आज्ञावली कोसळत नाही. ती त्या जागी थांबते, वस्तूंची स्थिती पाहता येते, कृती दुरुस्त करून तेथूनच पुढे जाता येते. निरुपयोगी झालेल्या वस्तूंची जागा आपोआप मोकळी केली जाते. या सोयीची दुसरी बाजू अशी की, अनेकांचे काम एकत्र आणणे किंवा तयार आज्ञावली सुटी काढून ग्राहकास देणे स्मृतिचित्रामुळे अवघड होते.

लाभ व किंमत : ‘शिल्लक’ ऐवजी ‘शिलक’ असे लिहिले गेल्यास, चलांचे प्रकार आधी ठरविणाऱ्या भाषेत भाषांतरक ती चूक तत्काळ दाखवितो. स्मॉलटॉकचे भाषांतरक प्रणालीत कोठेच नसलेल्या नावाविषयी सूचना देऊ शकतात; परंतु अस्तित्वात असलेला संदेश भलत्या वस्तूस पाठविला जाणार आहे किंवा कसे, हे त्यांना निश्चित सांगता येत नाही. वर्षातून एकदाच चालणाऱ्या आज्ञांत दडलेली अशी चूक वर्षभर सुप्त राहू शकते. म्हणून या भाषेच्या वापरात पद्धतशीर चाचण्यांना विशेष महत्त्व आले. केंट बेक यांनी स्मॉलटॉकसाठी चाचण्यांची जी चौकट तयार केली, तिच्याच धर्तीवर पुढे जावा व इतर भाषांतील चौकटी निघाल्या.

दुसरी किंमत वेगाची. प्रत्येक संदेशागणिक कृतीचा शोध घ्यावा लागल्याने प्रारंभीची रूपे मंद होती. १९८४ मध्ये पीटर डॉइच व ॲलन शिफमन यांनी, आज्ञावली चालू असतानाच तिचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याची व एकदा सापडलेली कृती त्याच जागी लक्षात ठेवण्याची युक्ती वर्णिली. त्याच वर्षी डेव्हिड अंगर यांनी नव्या व जुन्या वस्तू वेगळ्या ठेवून स्मृती झटपट मोकळी करण्याची पद्धत मांडली. या तंत्रांचा पुढील विकास ‘सेल्फ’ या भाषेत झाला व तो जावा आणि जावास्क्रिप्ट यांच्या आजच्या यंत्रणांत उतरला आहे.

प्रभाव व सद्यःस्थिती : डिसेंबर १९७९ मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स व त्यांचे सहकारी यांनी झेरॉक्सच्या केंद्रात स्मॉलटॉकच्या खिडक्या व माउस यांचे प्रात्यक्षिक पाहिले, त्या भेटीचा प्रभाव ‘लिसा’ (१९८३) व ‘मॅकिंटॉश’ (१९८४) या संगणकांवर पडला. ऑब्जेक्टिव्ह-सी व रूबी (१९९५) या भाषांनी संदेशाची कल्पना स्मॉलटॉककडून घेतली. पायथन (१९९१) हिची परंपरा वेगळी असली, तरी वस्तूचा प्रकार न विचारता ती अपेक्षित क्रिया करते की नाही एवढेच पाहणे हा तिचाही स्वभाव आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत बँका व विमा कंपन्यांच्या कामात स्मॉलटॉकचा बराच वापर झाला. परंतु तिची व्यापारी रूपे महाग होती व १९९५ मध्ये विनामूल्य उपलब्ध झालेल्या जावाकडे बहुतेकांचा ओढा गेला.

१९९६ मध्ये के, इंगल्स व त्यांचे सहकारी यांनी ॲपलमध्ये ‘स्क्वीक’ हे मुक्त रूप तयार केले. त्यातील ‘ईटॉइज’ हे मुलांसाठीचे साधन विकसनशील देशांसाठी बनविलेल्या ‘एक्सओ’ या स्वस्त संगणकात समाविष्ट होते व २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका लहान शाळेत हे संगणक प्रायोगिक स्वरूपात देण्यात आले. मुलांना आज्ञावली शिकविणाऱ्या ‘स्क्रॅच’ या लोकप्रिय साधनाची २००७ मधील पहिली जाहीर आवृत्तीही स्क्वीकमध्येच लिहिलेली होती. २००८ मध्ये स्क्वीकपासून ‘फारो’ ही शाखा निघाली. अमेरिकेत भाषेचे प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले व वस्तुकेंद्री भाषांविषयीच्या कार्याबद्दल डाल व न्यूगोर यांना २००१ चा, तर के यांना २००३ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

निर्णय आधी घ्यावा की शेवटच्या क्षणी, या प्रश्नावर संगणकतज्ञांत एकमत नाही. पायथनसारख्या गतिक भाषांत २०१५ पासून चलांचे प्रकार ऐच्छिक रीतीने लिहिण्याची सोय झाली आहे. प्रयोगाच्या अवस्थेत मोकळीक व आज्ञावली मोठी झाल्यावर पूर्वतपासणी, असा मध्यम मार्ग त्यामुळे अनेक ठिकाणी स्वीकारला जात आहे.