कालयंत्रात चढलेला हवालदार

भिवंडीतल्या कामतघरला आमच्या शेजारी राहणारे मामा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर होते. नुसत्या आवाजावरून माग कुठे अडतोय ते सांगायचे. घरात ते तेलुगू बोलतात. पद्मनगर, कामतघर या भागात विणकामासाठी आलेली अशी पद्मशाली कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्याच घरी मी ‘आदित्य ३६९’ पहिल्यांदा पाहिला. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा हा १९९१चा तेलुगू सिनेमा. त्यात एका प्राध्यापकाने बनवलेल्या कालयंत्रात नायक, नायिका आणि एक पोलीस चुकून बसतात आणि थेट १५२६ साली, कृष्णदेवरायाच्या विजयनगरात जाऊन उतरतात. मी मामांना विचारलं, “हे यंत्र चालतं कसं?” यंत्रांमध्ये हयात गेलेला तो माणूस म्हणाला, “ते सोड. आत कोण बसलंय ते बघ.”

काळात मागेपुढे जाणारे भाबडे विनोदी सिनेमे आपल्याला का आवडतात, याची किल्ली मला त्या उत्तरात सापडली.

आत बसलेल्यांत तो पोलीस सगळ्यात महत्त्वाचा. नायक कुठल्याही काळात नायकच असतो. त्याच्यासाठी काही बदलत नाही. पोलिसाचं तसं नाही. त्याचा सगळा रुबाब खाकी कपड्यांत आणि खात्याच्या नावात. साडेचारशे वर्षं मागे गेल्यावर ते खातंच नाही, मग त्या कपड्यांना विचारतो कोण? अधिकार गळून पडतो आणि आत दडलेला घाबरट, भुकेला, तरी चांगला माणूस दिसायला लागतो. आपण हसतो ते त्या गळून पडण्याला. त्या माणसाचा अपमान होत नाही, उलट तो जवळचा वाटायला लागतो.

मराठी माणसाला ही गंमत नवी नाही. तमाशातली गवळण आठवा. गोपी निघतात मथुरेच्या बाजाराला, काळ द्वापरयुगाचा, आणि मावशी व पेंद्या बोलतात ते कालपरवाच्या महागाईबद्दल, तालुक्याच्या पुढाऱ्याबद्दल. वगात राजा असतो, प्रधान असतो, पण कारभार आजच्या सरकारचा. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके हवालदार झाले तेही याच परंपरेत. यंत्र नाही, धूर नाही, पडदाही बदलत नाही. एका वाक्यात युग ओलांडलं जातं आणि प्रेक्षक मुकाट्याने सोबत जातो.

मुकाट्याने जातो, पण एका अटीवर. सिनेमाने सुरुवातीला एक नियम सांगायचा आणि तो शेवटपर्यंत मोडायचा नाही. १९८५च्या ‘बॅक टू द फ्युचर’मध्ये गाडीने ताशी ८८ मैलांचा वेग गाठला की काळ ओलांडता येतो, एवढाच नियम. विज्ञान म्हणून त्याला फारसा अर्थ नाही. पण वेगाचा काटा ८८कडे सरकताना आपण श्वास रोखतो, कारण कुठे पोहोचायचं ते आपल्याला ठाऊक असतं. भूतकाळात ढवळाढवळ केली तर काय होईल, हेही त्यात एका फोटोवर समजावलंय: नायकाच्या खिशातल्या फोटोतून त्याची भावंडं हळूहळू पुसली जाऊ लागतात. आठ वर्षांच्या पोरालाही तेवढ्यात सगळं कळतं.

नियम पाळण्याचा सर्वांत सुंदर नमुना मात्र मला ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) वाटतो. तिथे कुणी भूतकाळात जात नाही, भूतकाळच आपल्याकडे येतो. न झोपता ग्रंथालयात गांधीजींची पुस्तकं वाचत बसलेल्या मुन्नाला बापू दिसायला लागतात, फक्त त्यालाच. पुढे भर सभेत त्याला असे प्रश्न विचारले जातात की ज्यांची उत्तरं त्याने वाचलेलीच नाहीत. बापू गप्प राहतात. मुन्नाला जे ठाऊक नाही ते त्याच्या बापूंनाही ठाऊक नाही. ज्या नियमावर तोवर आपण खळखळून हसलो, त्याच नियमाने तिथे पोटात तुटतं. नियम जरा सैल केला असता तर प्रसंग निभावून गेला असता आणि सिनेमा पडला असता.

आपल्याकडे पाहुणा असा घरी येण्याची रीत जुनी दिसते. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’मध्ये (२००९) मुंबईतल्या पिचलेल्या दिनकर भोसलेसमोर खुद्द महाराज उभे राहतात. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ साली, ‘एक डाव भुताचा’ आला. पटकथा आणि संवाद द. मा. मिरासदारांचे, हेडमास्तरच्या भूमिकेतही तेच. एका भित्र्या मास्तराला मराठेशाहीतला खंडोजी फर्जंद भूत होऊन भेटतो, आणि तो खंडोजी म्हणजे अशोक सराफ. यंत्रावर पैसा घालायची गरजच उरली नाही. मिशा, फेटा आणि तोंडात त्या काळाची रांगडी मराठी, एवढ्यावर तीन शतकं उभी राहिली.

भाषा हेच इथलं खरं यंत्र आहे. ‘आदित्य ३६९’ पाहताना मला तेलुगू येत नव्हतं, तरी दरबारातलं भारदस्त बोलणं कुठलं आणि आजच्या पोराचं कुठलं हे कानाला कळत होतं. मामा मध्येच एखादा शब्द सांगायचे, तोवर मी आधीच हसलेलो असायचो.

या सिनेमांत वाईट हेतूने कुणी काळ ओलांडत नाही असं नाही, पण ज्याच्याशी आपलं नातं जडतं तो नेहमी मदतीला आलेला असतो. पणजोबा अचानक दारात उभे राहावेत, त्यांना पंख्याचं बटण दाखवावं, आणि त्यांनी आपली अडचण आपल्याआधी ओळखावी, असा तो आनंद आहे. त्यात उपदेश शिरला की तो आटतो. ‘मी शिवाजीराजे’ काही ठिकाणी भाषणाकडे झुकतो, तिथे माझं मन उतरतं. खंडोजी कधी भाषण ठोकत बसत नाही, म्हणून मला तो अधिक लाडका.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवून आधी ‘एक डाव भुताचा’ पाहा आणि मग ‘लगे रहो मुन्नाभाई’ लावा. १९८२मध्ये भुतापुढे चाचपडणारे मास्तर आणि २००६मध्ये मुन्नाला दिसणारे बापू, दोन्ही भूमिका दिलीप प्रभावळकरांच्याच आहेत.